चौथी चिंधी

मंगळवार, ११ मार्च
दुकानातून, सकाळी

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत, तिकडे तुम्ही दोघंही बरे असाल असं धरून चालते. वहिनीचा गुडघा कसा आहे? जिना चढता येतो का आता?

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू तोंड वाकडं केलं असशील. केलंस तरी हरकत नाही, पण वाच. फोन तू उचलणार नाहीस, मेलला उत्तर देणार नाहीस. कागद मात्र न वाचता टाकणार नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. मशिनच्या खोक्यातून निघालेली चिठ्ठीसुद्धा बाबांनी आपल्याला वाचल्याशिवाय कधी फेकू दिली नाही. आपण बोललो त्याला चौदा महिने झाले. ते का, कसं, कुणाचं चुकलं, हे आज काढत नाही. आज फक्त बातमी सांगायची आहे, आणि ती सांगताना माझी छाती इतकी फुगली आहे की कुणी माझं माप घ्यायला आलं तर टेप पुरायचा नाही.

बातमी अशी की आपली साइट बंद पडली होती आणि ती पुन्हा उभी राहिली. उभी केली मी. एकटीनं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, कुणालाही हाक न मारता. 'टाचणीला कॉम्प्युटर म्हणजे आरसा, समोर बसते आणि स्वतःशीच बोलते,' असं तू माझ्याबद्दल सगळ्यांसमोर म्हणाला होतास. ते वाक्य मी जपून ठेवलं आहे. आज व्याजासकट परत करते.

वहिनीही वाचेल, म्हणून सोपं लिहिते, नाहीतर म्हणेल, ही भावंडं कुठल्या भाषेत बोलतात कोण जाणे. वहिनी, साइट म्हणजे आपण आपल्या कॉम्प्युटरवर केलेली पानं. ती जगाला दिसायची तर दूर कुठेतरी ठेवलेल्या सर्व्हर नावाच्या कॉम्प्युटरवर चढवावी लागतात. माझ्याकडे त्यासाठी एक प्रोग्रॅम आहे, त्यात 'प्रकाशित करा' असं बटण आहे. ते दाबलं की पानं इथून तिथे जातात. दादा त्याची पानं त्याच्या घरून चढवायचा, मी माझी दुकानातून. त्याची पानं शिलाई मशिनच्या बाजूने लिहिलेली: कुठला स्क्रू, कुठली स्प्रिंग, आणि सोबत बाबांनी पेन्सिलीनं काढलेली उघड्या मशिनची चित्रं. माझी कापडाच्या बाजूने: टाका सुटतोय, कापड गोळा होतंय, दोरा तुटतोय, तर शिवणाऱ्यानं काय बघायचं. सर्व्हर एक, त्यावर नांदणारी घरं दोन.

तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सर्व्हरवाल्या कंपनीनं कळवलं की तुमची साइट आम्ही नव्या सर्व्हरवर हलवली आहे, तुम्हाला काहीही करावं लागणार नाही. 'काहीही करावं लागणार नाही' असं कुणी म्हटलं की बाबा बाह्या वर सरसावायचे, आठवतं? त्याच दिवशी मी एक नवं पान चढवायला गेले, तर प्रोग्रॅम म्हणाला, सर्व्हर सापडत नाही. साइट उघडून बघितली तर तिथे एकच ओळ: 'साइट तयार होत आहे.' पाच वर्षांपूर्वी तयार झालेली साइट!

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना नावं ठेवली. कंपनीला, प्रोग्रॅमला, टेलिफोनच्या तारांना. दुसऱ्या दिवशी मात्र बाबांची आठवण झाली. 'आधी सुई बदल, मग मशिनवर आळ घे.' किती वेळा ऐकलं आपण! आणि त्यांची ती पद्धत: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, चिंधीवर बोटभर शिवून बघायचं, आणि काय बदललं ते कागदावर लिहून त्या चिंधीला टाचायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं सुधारलं ते कळत नाही, आणि कशानं बिघडलं तेही कळत नाही. मी म्हटलं, सर्व्हर काय आणि मशिन काय, दोघांची खोड शोधायची रीत एकच असणार.

म्हणून मी एका ओळीचं पान केलं आणि त्याला नावच दिलं 'चिंधी'. आधी ते चढवून बघायचं, मग खऱ्या पानांना हात लावायचा.

पहिल्या चिंधीला मी फक्त सर्व्हरचा पत्ता बदलला. कंपनीच्या पत्रात अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात नवा पत्ता होता. दार उघडलं. आनंदानं उडीच मारली मी, आणि मांडीवरची टाचण्यांची डबी सांडली.

पण दारात उभं राहता आलं, आत काही ठेवता येईना. 'लिहिण्याची परवानगी नाही.' ही दुसरी चिंधी. कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. सर्दी झालेला एक गृहस्थ बोलत होता. तो म्हणाला, "बाई, प्रॉब्लेम तुमच्या बाजूला आहे." मी म्हटलं, "असेल. पण ऐका. तीच फाइल, तोच पासवर्ड, तोच कॉम्प्युटर. तुमचा जुना सर्व्हर ती घेत होता, नवा घेत नाही. माझ्याकडची एकही गोष्ट बदललेली नाही. मग बदललं कोण?" तिकडे कळा दाबल्याचा आवाज, मग एक शिंक. "फोल्डर दुसऱ्याच्या नावावर राहिलं आहे. हलवताना झालं असेल. करतो नीट." जाता जाता त्यानं विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या कंपनीत आहात?" म्हटलं, "मी कपडे शिवते." दादा, तू त्या वेळी तिथे हवा होतास.

तिसरी चिंधी सगळ्यात लबाड. प्रोग्रॅम म्हणतो, सगळं व्यवस्थित प्रकाशित झालं. हिरव्या खुणांची रांग लागली. आणि साइटवर अजून तेच 'तयार होत आहे'. चार दिवस घोडं कुठे पेंड खातंय ते कळेना. शेवटी दुकानाच्या काचेसमोर उभी असताना डोक्यात प्रकाश पडला. कपडे शिवून तयार आहेत, पण मी ते मागच्या खोलीत टांगतेय, आणि लोक बघतात पुढची काच! नव्या सर्व्हरवर लोकांना दिसणारं फोल्डर वेगळं होतं, आणि माझा प्रोग्रॅम जुन्या सवयीनं पानं त्याच्या बाहेर ठेवत होता. रस्ता दुरुस्त केला, बटण दाबलं, आणि साइट आली. बाबांचा फोटो वर, खाली माझी सगळी पानं. नऊ दिवस लागले. शेजारच्या चष्मेवाल्याला बोलावून दाखवलं. त्यानं तीन वेगवेगळे चष्मे लावून बघितलं आणि म्हणाला, सगळ्यांतून दिसतेय.

चौथ्या चिंधीचं मागाहून लिहिते.

आधी इतर सांगते. दुकानाला नवा रंग दिला. कापायच्या टेबलाची फळी बदलली, पण बाबांनी कोरलेल्या खुणांची पट्टी तेवढी काढून नव्या फळीला बसवून घेतली. ते जुनं काळं मशिन पुन्हा चालायला लागलं आहे. ते कुणी चालू केलं हेही मागाहून सांगते. बघ, किती गोष्टी मागाहून ढकलतेय मी. साइट उभी राहिली त्याला तीन आठवडे होऊन गेले, म्हणजे बातमीही शिळीच आहे. खरं सांगायचं तर हे पत्र मी चार वेळा सुरू केलं, आणि चारही वेळा तिसऱ्या चिंधीशी थांबले.

तर चौथी चिंधी.

साइट आल्यावर मला खात्री करून घ्यायची होती की लोकांचं फोल्डर हेच. म्हणून या वेळी चिंधी मी माझ्या प्रोग्रॅममधून चढवली नाही. कंपनीच्या पानावरून थेट सर्व्हरवरच ठेवली. दिसली. मग माझं एक पान सुधारून नेहमीसारखं प्रकाशित केलं, आणि चिंधी गायब. मला वाटलं, ठेवायला चुकले असेन. पुन्हा ठेवली, पुन्हा प्रकाशित केलं, पुन्हा गायब. तिसऱ्यांदा मी बटण दाबून डोळ्यांत तेल घालून बसले. प्रोग्रॅम जे करतो त्याच्या ओळी भराभर वर सरकत असतात, त्या आजवर मी कधी वाचल्या नव्हत्या. त्यांत एक ओळ होती: 'काढून टाकलं: चिंधी.'

सेटिंग उघडलं. तिथे एक चौकट होती, तिच्यात बरोबरची खूण होती, आणि पुढे लिहिलं होतं: 'सर्व्हरवर जास्तीचं जे असेल ते काढून टाका.' जास्तीचं म्हणजे जे माझ्या कॉम्प्युटरवर नाही ते.

ती खूण मी केली होती, दादा. सोळा महिन्यांपूर्वी. सर्व्हरवर माझ्याच जुन्या, अर्धवट फाइलींची अडगळ झाली होती. तुला माझी सवय माहीत आहे. टेबलावर एक कतरण राहिली तर मला दुकान बंद करवत नाही. ती चौकट बघून मला वाटलं, वा, झाडूची सोय आहे! खूण केली, खूश झाले आणि विसरले. तुझी पानं माझ्या कॉम्प्युटरवर नव्हती. ती फक्त तुझ्याकडे आणि सर्व्हरवर. म्हणजे त्यानंतर दर आठवड्याला मी 'प्रकाशित करा' दाबलं की तुझी एक्केचाळीस पानं, बाबांच्या चित्रांसकट, माझ्या झाडूनं बाहेर.

तू ती परत ठेवलीस, मी पुन्हा झाडली. तू तिसऱ्यांदा ठेवलीस, मी तिसऱ्यांदा झाडली. आणि तुझा फोन आला, "टाचणे, माझी पानं तू काढतेस का?" तेव्हा मी छातीला हात लावून म्हणाले की मी तुझ्या पानांना बोटसुद्धा लावलेलं नाही. ते मला खरंच वाटत होतं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाले, "तुझ्या हातचं काही टिकतच नाही, त्याला मी काय करू?"

तुझं दुरुस्तीचं दुकान बंद होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोलले. तू म्हणालास, "मग राहू दे. माझ्याकडचंही पुसून टाकतो," आणि फोन ठेवलास. मी वाट बघत राहिले की तूच फोन करशील, कारण चूक तुझी होती. अशी चौदा महिने मी ताठ मानेनं बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही चौदा महिन्यांचा. मी सुई न बदलता मशिनवर आळ घेतला. बाबा असते तर त्यांनी मला आठवडाभर मशिनला हात लावू दिला नसता.

मला माफ कर. हे वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले.

पण तीन आठवडे नुसती रडत बसले नाही. तुझी पानं शोधली. कंपनीकडे महिन्याभरापलीकडचा बॅकअप नाही. मग मी साइटवरच पाटी लावली: 'मशिनच्या बाजूची पानं माझ्या चुकीमुळे गेली. कुणाकडे असतील तर कळवा.' चौथ्या दिवशी उत्तर आलं. दूर कुठल्याशा बंदरावर शिडं आणि ताडपत्र्या शिवणारा एक माणूस आहे. साइटला वर्ष झालं तेव्हाच त्यानं तुझी सगळीच्या सगळी पानं छापून घेतली होती, आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून मशिनच्या वर भिंतीला खिळ्यांनी ठोकली होती. खारं वारं, दमट हवा, वंगणाचे हात, सगळं सोसून पानं शाबूत. त्यानं फोटो काढून पाठवले आणि खाली लिहिलं, "या माणसानं माझी तीन मशिनं वाचवली. त्याला सांगा." सांगितलं. तुझ्या हातचं टिकलं, दादा. चार वर्षं समुद्राच्या वाऱ्यात टिकलं. टिकलं नाही ते माझ्या हातून.

मग मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास बसून ती पानं टाइप केली. एक्केचाळीसही. आणि आता दुसरी कबुली ऐक. तोवर मी तुझं एकही पान धड वाचलेलं नव्हतं. बाबांची चित्रं आहेत, खाली दादा काहीतरी खरडतो, एवढंच मला माहीत. अरे, काय सुरेख लिहितोस तू! एक शब्द जास्तीचा नाही. नवव्या पानावरून मी ते काळं मशिन उघडलं, तू सांगितलंस त्या क्रमानं साफ केलं, जोडलं आणि ते चालू झालं. तीस वर्षं मी मशिनवर शिवतेय, त्याच्या पोटात पहिल्यांदा हात घातला. गिऱ्हाइकाला मी अभिमानानं सांगितलं, "माझ्या भावानं शिकवलं." खोटं नाही ना ते?

पानं आता सर्व्हरवर आहेत. तुझं फोल्डर वेगळं केलं आहे, त्याला माझा प्रोग्रॅम हात लावू शकत नाही. ती खूण काढून टाकली आहे. मग चिंधी ठेवून पाच वेळा प्रकाशित करून बघितलं. पाचही वेळा ती जागेवर होती.

फक्त सतरावं पान अपुरं आहे. कापड दाबून धरणाऱ्या फुटाच्या वरचा स्क्रू. तिथे 'झुळझुळीत कापडासाठी स्क्रू पूर्ण घट्ट करून मग' आणि पुढे तेलाचा हा एवढा डाग, आणि मग 'फेरे सैल सोडा'. किती फेरे ते डागाखाली गेलं. शिडवाल्याला विचारलं, त्याला आठवत नाही. तो झुळझुळीत कापड शिवेल कशाला? मी अंदाजानं भरू शकले असते, पण पान तुझं आहे. जागा रिकामी ठेवली आहे. आकडा तेवढा कळव. दुसरं काही लिहायचं नसलं तर नुसता आकडा लिही.

तुझ्या फोल्डरचा नवा पासवर्ड वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पत्राला टाचला आहे. बोट सांभाळ. वहिनीला नमस्कार सांग.

आधी सुई न बदललेली तुझी धाकटी बहीण,
टाचणी


शनिवार, २२ मार्च

चि. टाचणीस,

आशीर्वाद. गुडघा बरा आहे. तुझं पत्र वहिनीनं मोठ्यानं वाचलं आणि चौथ्या चिंधीशी तिनं कागद माझ्या हातात दिला, पुढचं मी वाचलं. टाचणी बोटाला लागलीच.

एक्केचाळीस पानं बघितली. माझ्या अकरा चुका तू न सांगता सुधारल्या आहेस. तेविसाव्या पानावर मात्र तू 'डावीकडे' लिहिलं आहेस, तिथे उजवीकडे हवं. काळं मशिन चालू झालं याचा मला जो आनंद झाला तो लिहिता येत नाही. वहिनीला विचार. मी दोन दिवस बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला जिन्यात थांबवून सांगतोय की माझ्या बहिणीनं सर्व्हरवाल्यांना गप्प केलं आणि मशिनही उघडलं. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी तर आता लिफ्ट धरली आहे.

आता माझी कबुली. मी काहीही पुसलं नव्हतं. फोनवर तसं म्हणालो, कारण तुला लागावं असं वाटलं. फोल्डर इथेच आहे, जसंच्या तसं. तुझं पत्र वाचल्यावर चौदा महिन्यांनी उघडलं. म्हणजे तू तीन आठवडे खपून केलंस ते मी एका दिवसात पाठवू शकलो असतो. पण आता तुझीच पानं राहू देत. माझ्यापेक्षा नीट आहेत, आणि तू ती वाचलीस.

सतरावं पान माझ्या फोल्डरमध्येही बघितलं. डाग शिडवाल्याचा, पण त्याच्याखाली आकडा नाही. कधीच नव्हता. मी मशिन उघडतो, कापड शिवत नाही. झुळझुळीत कापडाला किती सैल, हे बाबांनाही विचारलं होतं. ते म्हणाले होते, ते टाचणीच्या हाताला माहीत आहे, तिला विचार. विचारीन विचारीन म्हणत जागा मोकळी सोडली ती तशीच राहिली. मग एका वाचकानं मेल करून तो आकडा मागितला, म्हणून त्या दिवशी तुला फोन केला होता. आधी आकडा विचारायचा, मग पानांचं काढायचं, असं ठरवलं होतं. तुझा आवाज ऐकला आणि आधी पानांचं काढलं. सुई मीही बदलली नाही.

तेव्हा स्क्रू घट्ट कर, झुळझुळीत कापड घे, तुझा हात जिथे थांबतो तिथपर्यंत फेरे मोज आणि आकडा भर. ती जागा तुझीच आहे.

मग बटण दाब. मी रोज सकाळी सतरावं पान उघडून बसतो आहे.

तुझा,
दादा